आयती हलगी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील ताडकळसला शाळेत मास्तर आणि शिवाय संघटनेचे कार्यकर्ते. परभणीहून छापून आलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली असायचे, गुलाबी, पिवळे, फिकट हिरवे. संध्याकाळी वडील आणि मी समोरासमोर बसून त्यांच्या घड्या घालायचो. शाळेच्या पुस्तकातली चित्रं ओळखायच्या आधी मला 'जाहीर', 'निषेध' आणि 'एकजूट' हे शब्द आकारावरून ओळखता येत होते. माझ्या बोलण्यात अजून तो आवाज आहे, असं मैत्रिणी म्हणतात. चूक ते चूक, बरोबर ते बरोबर, आणि दोन्हीच्या मधे उभा राहणारा माणूस मला लहानपणापासून संशयास्पद वाटत आला.

वाद्य मला एकही वाजवता येत नाही. तरी मी गाणी बनवते. परभणीला कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या भावाचा जुना लॅपटॉप मिळाला आणि त्यात संगीत जोडायचं सॉफ्टवेअर होतं. त्यात गाणं वाजवायचं नसतं, लूप जोडून रचायचं असतं. लूप म्हणजे तीन-चार सेकंदांचा तालाचा तुकडा. कुणीतरी कुठंतरी वाजवलेला, कापून साफ केलेला. तो एकापुढे एक लावत गेलं की ताल चालू राहतो. असे शेकडो तुकडे एका फोल्डरमधे बांधून इंटरनेटवर मिळतात. ढोल, टाळ, बासरी, रेल्वे स्टेशनवरची गर्दी, काय पाहिजे ते. मला ही गोष्ट फार पटली होती. कुणाची मालकी नाही, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, पुढे द्यावं. पत्रकासारखंच, असं मला वाटायचं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मावशी आमच्या घरी आली. ती माझी सख्खी मावशी नाही. वडिलांच्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवते, मी त्या शाळेत होते तेव्हापासून. ती उंबऱ्यावरच बसली आणि म्हणाली, "मास्तर, आमचं आता काई खरं न्हाई."

बातमी आम्हालाही लागली होती. तालुक्यातल्या शाळांचा स्वयंपाक एकाच मोठ्या ठिकाणी होणार, तिथून बंद डब्यांमधे भरून गाडीनं गावोगाव येणार. शाळेत फक्त वाढायचं. वाढायला चार बायका कशाला, एक पुरे. कुणीतरी ठेकेदार ठरला होता आणि तो गावात येऊन शाळेची चूल कुठे आहे ते न बघताच गेला होता.

"सकाळी सातला शिजवलेलं दुपारी पोरांच्या ताटात," मावशी म्हणाली. "कुणी शिजवलं, कशात शिजवलं, पत्त्या न्हाई. आयतं आनून वतायचं. आन् आमी काय, वाढपी?"

तालुक्याभरच्या स्वयंपाकिणी मिळून शुक्रवारी पूर्णेला पंचायत समितीवर जाणार होत्या. चुडाव्याच्या बायका रेल्वेनं येणार, आमच्या गावच्या दोन जीपमधून. पुढे टेंपो, टेंपोवर भोंगा. मावशीला गाणं हवं होतं. "घोषणा देऊन देऊन नरडं बसतंय," ती म्हणाली. "तुज्या त्या कॅम्पुटरमधून कायतरी कर. ऐकून बाया घराभाईर निघाल्या पायजेत."

मी त्याच दिवशी कामाला लागले. सहा बायकांचे आवाज आमच्या ओसरीवर फोनवर रेकॉर्ड केले. ओळी त्यांच्याच होत्या, मी फक्त दोन शब्द इकडचे तिकडे केले. मग तालाची वेळ आली. मला हलगी हवी होती. मोर्चा म्हटलं की माझ्या कानात हलगीच वाजते. गावात हलगी वाजवणारं आता कुणी उरलं नाही असं मी धरून चालले, आणि इंटरनेटवरून एक फोल्डर उतरवलं. त्यात एका तुकड्याचं नाव इंग्रजीत 'गावची जत्रा' अशा अर्थाचं होतं. तो जरा संथ होता. मी त्याचा वेग वाढवत नेला, जवळपास दीडपट केला, आणि एका ठिकाणी तो असा काही चढला की माझ्या अंगावर काटा आला. बायकांचे आवाज त्या तालावर बसावेत म्हणून मी ते कापले, ताणले, जोडले. लॅपटॉपमधे जागा उरत नव्हती म्हणून मूळ आवाज पुसून टाकले. गाणं तर तयार होतं, मग त्यांचं काय काम.

मंगळवारी मावशीला हेडफोन लावून ऐकवलं. तिनं मान डोलावली. "हलगी कोनाची गं?" तिनं विचारलं.

"कुणाचीच नाही. कॉम्प्युटरची आहे," मी म्हणाले. "सगळं मीच केलंय."

तिनं ते खरं मानलं. खरं तर मीही मानलं होतं. त्याच दुपारी ते गाणं तालुक्यातल्या बायकांच्या ग्रुपवर गेलं.

बुधवारी सकाळी कन्या शाळेवरच्या काकूंनी निरोप पाठवला की त्यांना शुक्रवारी जमणार नाही. या काकूसुद्धा स्वयंपाकीण, मावशीच्या बरोबरीच्या. मोर्चाची कल्पना मुळात त्यांचीच होती. चार महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले, तरी दिवस उरकताच त्या शाळेवर आल्या होत्या. आता त्या येत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या गल्लीतल्या आणखी पाच जणींनी पाय मागे घेतले. कारण कुणीच सांगेना. नुसतं जमत न्हाई.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या गावातून सोळा बायका जायच्या होत्या, त्यातल्या सहा गळाल्या. "चुडाव्याच्या बाया इचारतील ना, तुमच्याच गावच्या कुठायत मनून," ती म्हणाली. ठेकेदाराचा माणूस आधीच सांगत फिरत होता की ताडकळसच्या बायका डब्यांना तयार आहेत, दोघी-तिघीच उगीच नाचायल्यात. शुक्रवारी जर पंचायत समितीच्या साहेबासमोर गावच्या दहाच बायका उभ्या राहिल्या तर त्या माणसाचं बोलणं खरं ठरणार होतं. आणि मग मावशीची चूल गेलीच.

मला राग आला. मला वाटलं, काकूंना ठेकेदाराचं कुणीतरी भेटलं, काहीतरी कबूल केलं. माझ्याकडे पुरावा नव्हता, पण पत्रकाची भाषा तयार होती. मी ग्रुपवर लिहिलं: ज्यांना भीती वाटते त्यांनी खुशाल घरी बसावं, इतिहास त्यांची नोंद घेणार नाही. वडिलांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"एवढं लिहायची गरज नव्हती," ते म्हणाले.

"तुम्हीच असं लिहायचात."

"मी मंत्र्याबद्दल लिहायचो. तू चुलीपुढच्या बाईबद्दल लिहिलंस."

त्यानंतर दिवसभर मी दर थोड्या वेळानं फोन बघत राहिले. माझ्या मेसेजखाली एकीनंही काही लिहिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास मी बॅनरचं कापड घेऊन बसस्टँडजवळच्या टेलरमामांकडे गेले. शाळेचे गणवेश तेच शिवतात. बॅनरच्या कडा दुमडून दोरी घालायला जागा करायची होती. मामा कामाला लागले आणि मी, जरा बढाई मारायला म्हणून, फोनवर गाणं लावलं.

मामांचा पाय मशीनच्या पट्टीवर थांबला. त्यांनी मान वर केली नाही. पहिलं कडवं संपेपर्यंत ऐकलं.

"हे कुठं लावायचंय?"

"उद्या. मोर्चात."

"मोर्चात कोनाचं मयत हाय?"

मला वाटलं ते चेष्टा करतायत. मी हसले.

"मास्तरची पोर तू, तुला ठावं असंल मनलं," ते म्हणाले. "ही मयताची चाल हाय. मानूस उचलला की ही सुरू व्हती, ती मसनवट्यापस्तोर. जत्रेची न्यारी, लग्नाची न्यारी, कुस्तीची न्यारी. आन् तू तर लय पळवायलीस. मयताला येवढी काय घाई?" ते स्वतःच हसले, मग माझं तोंड बघून त्यांनी हसू आवरलं.

मी विचारलं, त्यांना कसं माहीत. त्यांनी ते असं सांगितलं, जसं कुणी आपल्या जुन्या गावाचं नाव सांगावं. अठराव्या वर्षापर्यंत ते हलगी वाजवायचे, वडिलांबरोबर, सगळ्या गावाच्या दारात. बोलावलं की जायचं, दारात उभं राहायचं, दिलं ते घ्यायचं. मग त्यांच्या गल्लीनं एका दिवशी ठरवलं की हलगी खाली ठेवायची. आता कुणाच्या दारात नाही. त्यानंतर त्यांनी कातड्याला हात लावला नव्हता. पोटासाठी शिवण शिकले.

हे सगळं मला पाठ असायला हवं होतं. याच विषयावरच्या पत्रकांच्या घड्या मी या हातांनी घातल्या होत्या. आणि तरीही पुढच्याच क्षणी माझ्या तोंडून निघालं, "मामा, मग जत्रेची चाल तुम्ही दाखवा ना. नुसती टेबलावर बोटांनी. मी रेकॉर्ड करते, एक मिनिट लागेल."

त्यांचा उजवा हात टेबलावर होता. तो त्यांनी उचलला आणि कात्री घेतली.

"न्हाई पोरी. चुकलंय मनून सांगितलं. वाजवून देतो मनलो न्हाई."

मी बॅनर घेतलं आणि बाहेर आले. कान तापले होते. ज्या गोष्टीला या माणसानं अठराव्या वर्षापासून नाही म्हटलं होतं, तीच मी त्याच्याकडे मागितली होती, आणि तीही एका मिनिटात. स्टँडवर पाथरीची गाडी लागली होती, लोक चढत होते. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि तेव्हा मला काकू आठवल्या. चार महिने. त्यांच्या यजमानांना नेताना पुढे हलगी होती. दुसऱ्या गावाहून बोलावलेली. मी त्या वेळी आमच्या गच्चीवरून बघितलं होतं.

काकूंनी मंगळवारी दुपारी ते गाणं ऐकलं होतं. बुधवारी त्या नाही म्हणाल्या होत्या. आणि मी त्यांना भित्री म्हणाले होते, सगळ्या तालुक्यासमोर.

घरी येऊन मी ते फोल्डर उघडलं. कुणी वाजवलं, कुठं, कुठल्या प्रसंगी, एका अक्षरानं लिहिलेलं नव्हतं. फाईलच्या नावात जत्रा आणि पुढे तालाच्या वेगाचा आकडा. दोन ओळींच्या साध्या पत्रकावरसुद्धा खाली मुद्रकाचं नाव असतं, बारीक असेल, पण असतं. हा तुकडा तर कुणाच्या तरी खऱ्या हातांचा होता. कदाचित खऱ्या मयताच्या पुढे वाजलेला. मी त्याला कुणाचाच नाही म्हणाले होते.

वडील शाळेत निघाले होते. मी दारातच त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, आयतं वापरू नकोस. ते तसं म्हणाले नाहीत.

"मीसुद्धा तीच वाक्यं पंधरा वर्षं वापरली," ते म्हणाले. "वर गावाचं नाव बदलायचं, खाली तारीख. त्यात काही वाईट नाही. पण कुठल्या वाक्यावर लोक उठतात आणि कुठल्या वाक्यावर उठून जातात, ते मला माहीत होतं." मग म्हणाले, "मावशीला सांगितलंस?"

मावशी स्वयंपाकखोलीत मोठ्या पातेल्यापुढे होती. मी सांगत असताना ती पळी फिरवत राहिली. मधेच एकदा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"म्हंजे तू बी आयतंच वतलंस," ती म्हणाली.

"हो."

"आन् मी इचारलं तवा मनलीस, सगळं मीच केलंय."

"हो."

"बदल मग. ती हलगी काड आन् नुस्ते आमचे आवाज ठिव."

मी सांगितलं की ते होणार नाही. आवाज त्या तालावर कापलेले आहेत, आणि मूळचे मी पुसून टाकलेत. ताल काढला तर अर्धे शब्द तुटतात. नवीन करायला सगळ्या जणी पुन्हा बसायला हव्यात, आणि उद्या सकाळी साडेआठला जीप निघणार.

मावशीनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "गाण्याचं मरू दे. ते मोबाईलमधून काडून टाका मनून सांग समद्यांला. आन् तिच्याकडं तू जा. मी न्हाई येनार संगं. तू लिवलंस, तू जा."

कन्या शाळेत मुलींची जेवणं होऊन गेली होती. काकू मागच्या नळावर पातेली घासत होत्या. मला बघून त्यांनी नळ बंद केला नाही, म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं, आणि अशी गोष्ट मोठ्यानं बोलणं फार अवघड असतं. मी म्हणाले, काकू, त्या गाण्यात जी हलगी आहे ती मयताची आहे. मला माहीत नव्हतं. मी कुठूनतरी आयती घेतली.

त्यांनी नळ बंद केला.

"हाय त्यात?"

"आहे."

"खरंच हाय?"

"आहे काकू. टेलरमामांनी ओळखली."

त्या तशाच उकिडव्या बसून राहिल्या. हाताला राख लागलेली होती. म्हणाल्या, "मला वाटलं मलाच ऐकू यायलंय. समद्या बाया तर मनायल्या, लय झ्याक झालंय. मी तीनदा लावून बगितलं. तीनदा तेच. मनलं आपलं डोस्कंच फिरलं. टेंपोमागं चालताना तिथं काई झालं मला, पडले-बिडले, तर लोकं काय मनतील. मनून न्हाई मनलं." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "आन् तू मला भ्यालेली मनलीस."

मी माफी मागितली. मला पत्रकातली बरीच वाक्यं येतात, पण माफीचं एकही येत नव्हतं. जे बोलले ते तुटक आणि बारीक आवाजात होतं. त्यांनी ते नीट ऐकलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. "जाय आता," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पातेलं पालथं घातलं. उद्या येणार का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ग्रुपवर मी दोन मेसेज टाकले. एक, ते गाणं कुणीही वाजवू नये. दुसरा, मी काल जे लिहिलं ते चूक होतं. नाव न घेता लिहिता आलं असतं. मी काकूंचं नाव घेतलं आणि त्यांच्यानंतर माझं लिहिलं.

शुक्रवारी सव्वाआठला स्टँडवर दोन जीप उभ्या होत्या आणि त्यांच्याजवळ दहा बायका. मी मोजत होते, पुन्हा पुन्हा, जणू मोजल्यानं वाढणार होत्या. ड्रायव्हरनं विचारलं, दुसरी जीप नेऊ की परत पाठवू. मावशी म्हणाली, थांब. साडेआठ झाले. तिनं पुन्हा सांगितलं, थांब जरा. नऊला दहा कमी असताना त्या गल्लीच्या कोपऱ्यावरून काकू येताना दिसल्या. मागे चौघी. पाचवी शेवटपर्यंत आली नाही. काकू दुसऱ्या जीपमधे चढल्या, मी पहिल्या जीपमधे होते.

पूर्णेत टेंपोवर गाणं नव्हतं. भोंग्यातून मावशी बोलली, तिचा आवाज लवकर बसला, मग चुडाव्याची एक बाई बोलली, मग काकू. साहेबांनी निवेदन घेतलं. ठेकेदाराचा माणूस व्हरांड्यात उभा होता आणि ताडकळसच्या किती, असं त्यानं कुणालातरी विचारलेलं मी ऐकलं. साहेब म्हणाले, वर कळवतो, तोवर आहे तसं चालू द्या. तोवर म्हणजे कुठवर, ते त्यांनी सांगितलं नाही. डब्यांची गाडी अजून आलेली नाही. रोज साडेदहाला मावशी चूल पेटवते आणि पेटवायच्या आधी एकदा रस्त्याकडे बघते.

परतताना जीप बदलल्या आणि काकू माझ्या शेजारी आल्या. मागून कुणीतरी टोमणा मारला, "काय गं, तुजा कॅम्पुटर आज सुट्टीवर गेलाय का?" बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पुन्यांदा करशील तवा भाईर जायच्या आदी मला ऐकव."

पुढच्या आठवड्यात आता जिल्ह्याला जायचं ठरलंय, परभणीला. बायकांनी आमच्या ओसरीवर बसून आवाज दिले आहेत. या वेळी मूळचे मी जपून ठेवले आहेत. ताल मी पुन्हा आयताच घेतला, खोटं कशाला सांगू. ढोलकीचा एक तुकडा. त्याच्यावर वाजवणाऱ्याचं नाव होतं, म्हणून तो निवडला. तरी तो कुठल्या प्रसंगाचा आहे, हे मला कळत नाही. माझ्या कानाला तो आनंदाचा वाटतो. पण माझ्या कानाला आधीचाही वाटला होता.

आज दुपारी मी लॅपटॉप घेऊन कन्या शाळेत गेले. काकूंनी पदराला हात पुसले, हेडफोन उलटाच घातला, मी तो सरळ केला. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि डोळे मिटले. गाणं चार मिनिटांचं आहे. पहिल्या मिनिटाला त्यांच्या कपाळावर एक आठी आली. ती अजून गेलेली नाही, आणि मी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघते आहे.